चौदा नंबरचा जोड

दोन फिल्मा लाइट बॉक्सवर शेजारी शेजारी लावून अक्का अर्धा तास त्यांच्यासमोर बसली होती. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, भिंगातून पाहिलं, दोघींच्या जागा बदलून पाहिल्या. काही केल्या मनातली पाल चुकचुकायची थांबेना. एकीच्या कोपऱ्यात शिशाचे आकडे उमटले होते नऊ, दुसरीच्या चौदा. आणि जोड मात्र एकच होता.

रविवारची सकाळ होती. वर्कशॉप बंद होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दीड महिन्याने अक्का आज पहिल्यांदा आपल्या खुर्चीत बसली होती. तिच्या रजेत बाहेरच्या एजन्सीचा माणूस येऊन जोडांचे एक्स-रेसारखे फोटो काढून गेला, दादाने फिल्मा पाहून सह्या केल्या आणि उद्या काम देणाऱ्या कंपनीचे तपासनीस येणार म्हणून सगळा गठ्ठा दोरीने बांधून ठेवला. तो उघड असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण एकतीस वर्षं या वर्कशॉपमधल्या प्रत्येक बॉयलरचा प्रत्येक जोड तिने आतून पाहिला होता. बांधलेला गठ्ठा तिच्याच्याने बांधलेला ठेववला नाही.

वेल्डिंगचे दोन जोड कधी सारखे नसतात. एकाच माणसाने, एकाच दिवशी, एकाच पत्र्यावर केले तरी नसतात. नऊ नंबरच्या जोडात डाव्या कडेपासून चार बोटांवर हवेचे तीन बारीक ठिपके होते, ओळीने, आणि चौथा जरा रुसल्यासारखा बाजूला. नियमात बसणारे, निरुपद्रवी ठिपके. चौदा नंबरच्या फिल्मवरही तेच तीन आणि तोच रुसलेला चौथा.

तिने सोर्सचं रजिस्टर काढलं. गॅमा किरणांचा तो हरभऱ्याएवढा तुकडा शिशाच्या पेटीतून किती वाजता बाहेर आला आणि किती वाजता आत गेला हे मिनिटासकट लिहावं लागतं. नऊचा फोटो चार वाजून दहा मिनिटांनी संपला होता. चौदाचा चार सतराला सुरू झाला होता. मध्ये सात मिनिटं. नऊ आणि चौदा हे शेडमधल्या नव्या कामाच्या, कंपनीसाठी बनवलेल्या कवचाच्या समोरासमोरच्या बाजूंना होते. तीन पुरुष उंचीचं ते पोलादी कवच रोलरवर अर्धं फिरवायचं, शिडी लावायची, फिल्म बांधायची, म्हणजे कितीही घाई केली तरी तास जातो. सात मिनिटांत फक्त आकडे बदलता येतात.

तिने नोंदवही उघडून चौदासमोर कुठल्या वेल्डरच्या ठशाचा नंबर आहे ते पाहिलं. बाळ्याचा होता. तिचा धाकटा भाऊ. बावन्न वर्षांचा झाला तरी घरात बाळ्याच.

दोन्ही फिल्मा तिने पाकिटात घातल्या आणि पाकीट पिशवीत टाकून ती अंगण ओलांडून दादाच्या घरी जेवायला निघाली. आजच्या जेवणाला निमित्त होतं. कंपनीबरोबरच्या वीस वर्षांच्या करारावर चौघा भागीदारांच्या सह्या व्हायच्या होत्या: अप्पा, दादा, ती आणि बाळ्या.

*

टेबलाच्या टोकाला अप्पा बसले होते. शहाऐंशी वर्षांचे, पाठ अजून ताठ. हे वर्कशॉप त्यांनी उभं केलं ते बॉयलरवर. सूतगिरण्यांचे बॉयलर, साखर कारखान्यांचे, मग औष्णिक वीज केंद्राच्या सुट्या भागांची कामं. आता वीज केंद्र बंद होऊन चार वर्षं झाली होती आणि वर्कशॉपच्या निम्म्या भागात दिवे लावायचंच दादाने सोडून दिलं होतं. अशात दादाचा मुलगा ज्या कंपनीत इंजिनियर होता, तिचं हे काम आलं. छोट्या अणुभट्टीचं बाहेरचं कवच. आधी एक, नमुन्याचं. पसंत पडलं तर पुढे चाळीस.

मुलाला घरात सगळे साहेब म्हणत. सुरुवातीला चेष्टेत, आता सवयीने.

"लहान लहान म्हणतोस," अप्पा नातवाला विचारत होते, "म्हणजे किती लहान?"

"जुन्या अणुवीज केंद्राच्या जागेत अख्खं गाव मावेल, अप्पा. आपली भट्टी एका सभागृहात मावते. जागेवर बांधत बसायचं नाही. कारखान्यात बनवायची, ट्रकवर चढवायची, नेऊन पाण्याच्या टाकीत उभी करायची. वीज केंद्राच्या आवारात अशा सहा. तारा तिथे आहेत, पाणी आहे, शिकलेली माणसं घरी बसलीयेत."

"आणि तापली तर?"

"पंपसुद्धा लागत नाही. गरम पाणी आपोआप वर जातं, गार खाली येतं. वीज गेली, माणसं निघून गेली, तरी ती आपली आपण थंड होते."

"माणसं निघून गेली तरी," अप्पांनी घास चावता चावता परत म्हटलं. "म्हणजे निघून जायचा विचार आधीच करून ठेवलाय."

वहिनी हसली. दादा हसला नाही. तो सगळ्यांच्या ताटांवर नजर ठेवून होता, कुणाचं कधी आटपतंय म्हणून.

"आणि राख? कोळशाची राख निदान दिसायची. घरात यायची, कपड्यांवर बसायची, शिव्या तरी घालता यायच्या."

"वापरलेलं इंधन तिथेच पाण्यात ठेवायचं. काही वर्षं. पुढचं धोरण ठरतंय."

"ठरतंय," अप्पा म्हणाले आणि पाणी प्यायले. "अशी एखादी कुठे चालू आहे, जाऊन बघता येईल अशी?"

"आमच्या कंपनीची पहिलीच. म्हणून तर संधी आहे ना."

अक्का जेवत होती आणि ऐकत होती. किरणांचं भय तिला कधीच वाटलं नव्हतं. एकतीस वर्षं छातीवर किरण मोजायचा बिल्ला लावून ती त्यांच्यासोबत वावरली होती. दोरी बांधली, अंतर राखलं, घड्याळ पाळलं की ते तुमच्या वाटेला जात नाहीत. तिचा विश्वास उडायचा तो माणसांवरून. आज टेबलाभोवतीच्या प्रत्येकाकडे बघताना तिला वाटत होतं, यातलं कोण?

साहेबाला तारखेची घाई होती. दर दोन वाक्यांनी 'मार्चअखेर' म्हणत होता. बाळ्या खाली मान घालून जेवत होता, पण तो तसाच जेवायचा. बोलणं हा त्याचा प्रांतच नव्हता. आणि दादा? दादाने तिला तिच्या रजेत तीनदा फोन केला होता आणि तिन्ही वेळा म्हणाला होता, घाई करू नकोस, गुडघा नीट होऊ दे. तेव्हा तिला बरं वाटलं होतं. आता ते बरं वाटणंही तिला आठवून बोचत होतं.

ताटं उचलायच्या आत दादाने कराराचे कागद काढले. "अप्पा, पहिली सही तुमची."

"फाइल पूर्ण झाल्याशिवाय करार कसा करायचा?" अक्का म्हणाली.

"पूर्ण आहे. बावीसच्या बावीस जोड पास. मी स्वतः बघितलेत."

"चौदाही?"

तिने आवाज अगदी साधा ठेवला होता. दादाने टोपण काढलेलं पेन परत बंद केलं. साहेबाने मोबाइल उचलला आणि काहीच न बघता खाली ठेवला. वहिनी ताटं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाली होती ती उंबऱ्यातच थबकली.

बाळ्या एकटा वर बघत होता. "चौदाची कशी आली?" त्याने विचारलं. "मला कुणी दाखवलीच नाही."

"चांगली आली म्हणालो होतो ना तुला," दादा म्हणाला.

"म्हणालास. पण दाखवली नाहीस."

*

हात धुवायच्या निमित्ताने अक्काने साहेबाला मागच्या गॅलरीत गाठलं.

"तुला काय माहितीये ते सांग."

"कशाबद्दल, आत्या?"

"मी तुला लहानपणी डार्करूममध्ये मांडीवर घेऊन बसायचे. तू खोटं बोलताना कानाच्या पाळीला हात लावतोस. आत्ता लावलायस."

साहेबाने हात खाली घेतला. "मी काही केलेलं नाही. खरंच. पण बाबा मला म्हणाले होते, काकाच्या हाताचं काही खरं नाही. कप धरताना थरथरतो. उन्हाळ्यापासून. चौदा नंबर आतल्या वाकणात आहे, सगळ्यात अवघड, तो काकाशिवाय कुणाला जमणारा नव्हता, म्हणून त्यालाच दिला. बाबांना रात्र रात्र झोप नव्हती."

"आणि मग?"

"मग फिल्म पास झाली. मी पुढे विचारलं नाही."

"तू इंजिनियर आहेस. विचारायचं नाही हे तुला कुठल्या कॉलेजात शिकवलं?"

आपल्याला भाच्याचा राग आलाय की त्याच्यासाठी भीती वाटतेय हे अक्काला कळेना.

ती आत वळली तर वहिनी वाटेत उभी. हात पदराला पुसत म्हणाली, "अक्का, उद्याचा दिवस जाऊ दे. मग बोला काय बोलायचं ते. तुम्हाला पाया पडून सांगते."

"वहिनी, म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे."

"मला काही ठाऊक नाही. मला एवढंच ठाऊक आहे की यांनी दोन महिने पोटभर जेवण केलेलं नाही. आणि बत्तीस घरं या शेडवर चालतात. तुम्ही फिल्म बघता, मी त्या बायकांची तोंडं बघते."

हे खोटं नव्हतं. "तीच तोंडं वीज केंद्राच्या भिंतीला लागून राहतात, वहिनी," ती म्हणाली. "भट्टी तिथेच बसणार आहे."

टेबलापाशी येऊन तिने पाकीट उघडलं आणि 'चौदा' लिहिलेली फिल्म बाळ्याच्या हातात दिली. दुसरं काही बोलली नाही.

बाळ्या खिडकीशी गेला. फिल्म काचेवर उजेडात धरली. ती त्याच्या बोटांत हलत होती, म्हणून त्याने तळहाताने काचेवर दाबून धरली. बराच वेळ पाहिल्यावर त्याने मान हलवली.

"हा जोड माझा नाही."

"आकडा वाच," दादा म्हणाला.

"आकडा वाचला. जोड माझा नाही. माझे टाके असे लांबट नसतात. हा दुसऱ्या पाळीतल्या म्हाताऱ्या वेल्डरचा हात आहे." त्याने अक्काकडे पाहिलं. "नऊ नंबर त्याचा ना?"

अक्काने नऊची फिल्म शेजारी लावली. तीन ठिपके आणि चौथा. दोनदा.

"एजन्सीच्या माणसाने घोळ केला असेल," दादा म्हणाला. "आकडे लावताना चुकला असेल."

"आकड्यांची डबी आपल्या कपाटात असते. रजिस्टरवर सही तुझी आहे. दोन्ही फोटोंमध्ये सात मिनिटं आहेत."

"तू माझ्यावर संशय घेतेयस?"

"सकाळपासून सगळ्यांवर घेतेय. बाळ्यावरसुद्धा घेतला. आता तू बोल."

अप्पांना कमी ऐकू यायचं, पण कुठे पाणी मुरतंय हे बघायला त्यांना कानांची गरज नव्हती. त्यांनी समोरचे कराराचे कागद उचलून उलटे करून ठेवले.

बाळ्याने चपला पायात सरकवल्या. "आत्ता काढ फोटो," तो अक्काला म्हणाला. "चौदाचा. खरा."

*

भर दुपारी सगळं घर शेडमध्ये गेलं. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. बाळ्याने कवच रोलरवर फिरवलं. ते कुरकुरत, सावकाश फिरलं आणि चौदा नंबर वर आला. शिडीवर चढून त्याने फिल्म बांधली. आकडे अक्काने स्वतः लावले, साहेबाला दाखवून, मोठ्याने वाचून. मग दोरी बांधली, इशाऱ्याचा दिवा लावला, सगळ्यांना जाड भिंतीपलीकडे पाठवलं, अप्पांना खुर्चीसकट. लांब दांड्याच्या चरख्याने तिने सोर्स पेटीतून बाहेर सोडला, रजिस्टरमध्ये वेळ लिहिली आणि लंगडत भिंतीमागे आली.

बारा मिनिटं थांबायचं होतं. मोजणीचं यंत्र हळू टकटकत होतं.

"समजा खराब निघाला," साहेब म्हणाला. "दुरुस्त करायचा, परत अख्खं कवच पोलाद तापवायच्या भट्टीत घालायचं. सहा आठवडे. कंपनी थांबणार नाही. दुसरं वर्कशॉप तयार बसलंय."

"बसू दे," बाळ्या म्हणाला.

"काका, एक बारीक दोष. बाहेरचं कवच आहे. आतली भट्टी वेगळी असते, तिला स्वतःचं पात्र असतं. हे फक्त..."

"फक्त काय?" अक्काने विचारलं. "आतलं सगळं बिघडलं तर शेवटी उरतं ते हेच ना? तूच सांगितलंस मला."

साहेबाने घड्याळाकडे पाहिलं.

"अप्पांचा बॉयलर म्हणजे एक बॉयलर होता," ती म्हणाली. "चुकला तर एक चुकला. तुमची सगळी खुबी तर हीच आहे, एकसारख्या चाळीस बनवायच्या. मग इथे आपण काय पचवायला शिकलो, ते चाळीस गावांत जाऊन उभं राहणार. भट्टी लहान आहे म्हणून मला तिची भीती वाटत नाही. लहान आहे म्हणून कुणी विचारत नाही, त्याची वाटते."

अप्पा म्हणाले, "किती मिनिटं झाली?"

"आठ."

दादा भिंतीला टेकून उभा होता. कुणाकडेच बघत नव्हता. वहिनी आधी अक्काच्या बाजूला उभी होती, ती जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. हात धरला नाही, नुसती उभी राहिली.

सोर्स पेटीत परत घेऊन फिल्म उतरवल्यावर डार्करूममध्ये अक्का एकटी गेली. लाल दिव्याच्या उजेडात तिने फिल्म पाण्यातून वर काढली. काय निघावं असं आपल्याला वाटतंय, हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. दोष निघाला तर एक भाऊ खोटा आणि दुसरा संपला. नाही निघाला तर?

ओली फिल्म तिने लाइट बॉक्सवर लावली आणि सगळ्यांना आत बोलावलं.

जोड स्वच्छ होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक ठिपका नाही, रेघ नाही, सावली नाही. आखूड, दाट, सारखे टाके. अक्काने भिंग लावून तीनदा पाहिला. एकतीस वर्षांत इतका सुबक जोड तिने चार-पाच वेळाच पाहिला असेल.

"पास," ती म्हणाली.

साहेबाने श्वास सोडला. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे झालं तर," साहेब म्हणाला. "ही फिल्म त्या जागी ठेवायची आणि विषय संपला."

दादा खुर्चीत बसला होता. त्याचे खांदे सैलावले होते आणि तोंडावर हसू यायच्या बेतात होतं. तेवढ्यात त्याचं लक्ष बाळ्याकडे गेलं.

"म्हणजे तू फोटो काढलाच नव्हतास," बाळ्या म्हणाला. "खराब आला म्हणून लपवला असं मला वाटत होतं. तू बघितलंच नाहीस."

"बाहेरचा माणूस होता. त्याला नऊचाच परत काढायला लावला, आकडे मी बदलले. खऱ्या चौदाची फिल्म त्याच्यासमोर धुतली गेली असती, प्रत कंपनीकडे गेली असती. खराब निघाला असता तर तुझं नाव, तुझा ठसा..." दादा अडखळला. "मी तुला सांभाळत होतो."

"खराबच निघणार हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझा हात बघतो ना मी. रोज बघतो."

"कप धरतानाचा बघतोस. वेल्डिंगचा टॉर्च धरल्यावरचा बघितलास?" बाळ्याचा आवाज चढला नाही. "चौदाला मला चार दिवस लागले. चारही दिवस तू शेडमध्ये फिरकला नाहीस. मला वाटलं, विश्वास आहे म्हणून येत नाहीस."

अक्काला वाटलं होतं, दोष नाही निघाला तर सुटलो. पण दादाने चांगल्या जोडासाठी खोटं रचलं होतं, आणि त्या खोट्यात बाळ्याबद्दल जे होतं ते कुठल्याही फिल्मवर दुरुस्त होण्यासारखं नव्हतं.

"मी अहवाल लिहिणार आहे," ती म्हणाली. "जुनी फिल्म खोटी होती, हेही त्यात येईल."

"आत्या, जोड चांगला निघालाय. मग कशासाठी?"

"बावीस फिल्मा एका सहीने पास झाल्यात. त्यातली एक खोटी निघाली. उरलेल्या एकवीस खऱ्या आहेत हे मी कुणाच्या भरवशावर सांगू?"

"दुसऱ्या कशाला हात लावलेला नाही," दादा म्हणाला. "शपथेवर सांगतो."

"माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर ती भट्टी कुणी चालवू नये."

साहेबाने आजोबांकडे पाहिलं. "अप्पा, तुम्ही सांगा तिला. करार जाईल."

अप्पा लाइट बॉक्सकडे बघत होते. "मीच तिला फिल्म वाचायला शिकवलं," ते म्हणाले. "जे दिसेल ते सांगायचं म्हणून शिकवलं. आता म्हातारपणी कुठल्या तोंडाने सांगू, की दिसलं तरी सांगू नकोस?"

*

अहवालाचा फॉर्म एक पानाचा होता. अक्काने लिहायला घेतला. जोड क्रमांक, तारीख, पहिल्या फोटोची वेळ, दुसऱ्याची. 'काय आढळले' या रकान्यात तिने दोन सरळ वाक्यं लिहिली. पुढचा रकाना होता 'कारण'. तिथे ती थांबली.

वहिनी इतका वेळ दाराशी होती. ती पुढे आली, तिने अक्काच्या हातातलं पेन घेतलं आणि नवऱ्यापुढे धरलं. "अहो, हे तुम्ही लिहा. यांना लिहायला लावू नका."

अक्काने तिच्याकडे पाहिलं. जेवणाच्या वेळी पाया पडते म्हणणारी हीच बाई होती.

दादाने कागद जवळ ओढला. एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं आणि कागद फिरवून ठेवला. अक्काने वाचलं: 'वेल्डरच्या हाताबद्दल मला शंका होती. ती निराधार होती.' खाली सही.

बाळ्याने तिच्या खांद्यावरून वाचलं. "दुसरं वाक्य खोड," तो म्हणाला.

"का?" दादाने विचारलं. "ते तर तुझ्याच..."

"हात थरथरतो. टॉर्च धरला की थांबतो, आजपर्यंत थांबलाय. चौदाला दोनदा थांबला नव्हता. खाली उतरून बसलो, थांबला तेव्हा परत चढलो. म्हणून चार दिवस लागले." त्याने उजवा हात खिशात घातला. "मी डॉक्टरकडे गेलो नाही. काय सांगतील याची भीती वाटत होती. तू फिल्म बघितली नाहीस, मी डॉक्टर बघितला नाही. निराधार कशाला लिहायचं? पुढच्या चाळिसांत माझा हात किती ठिकाणी असावा, ते त्यांना ठरवू दे."

दादाने पेन उचललं. त्याला ते वाक्य खोडायला पहिलं वाक्य लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

कराराच्या कागदांवर त्या दिवशी कुणीच सही केली नाही. बाळ्या चहाला थांबला नाही. दादाच्या घरी तो त्यानंतर वर्षभर जेवला नाही, पण ती पुढची गोष्ट.

सोमवारी नऊ वाजता कंपनीच्या मुख्य तपासनीस बाई दोघांना घेऊन आल्या. अक्काने गठ्ठ्याच्या आधी तो एक कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. मग बसून परत वाचला. साहेब त्यांच्याच कंपनीचा माणूस, पण त्यांच्या मागे न राहता तो येऊन आत्याच्या शेजारी उभा राहिला. कानाला हात न लावता म्हणाला, "मला अंदाज होता, मॅडम. मी विचारलं नाही. तेही लिहून घ्या."

बाईंनी कवचाला सील लावायला सांगितलं. बावीसच्या बावीस जोडांचे फोटो त्यांची माणसं परत काढणार होती. तीन आठवडे तरी जाणार. कराराचं त्यानंतर बघू, म्हणाल्या. बघू म्हणजे काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणालाच वाचता आलं नाही. दादाने फिल्मांवर यापुढे सही करायची नाही, हे मात्र त्यांनी तिथल्या तिथे लिहून टाकलं. दादाने मान डोलावली.

शेडमध्ये बत्तीस माणसं कामं थांबवून उभी होती. बाईंनी कागदावरून नजर उचलली.

"चौदा नंबर कुणी केला?"

बाळ्या मागच्या रांगेत होता. त्याने उजवा हात वर केला. हात थरथरत होता. बत्तीस जणांनी पाहिला, दादाने पाहिला. बाई चालत त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत बाळ्याने तो खाली घेतला नाही.